दोन थडग्यांमधली जागा

माझ्या मोठीआईवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते. यंदा इस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, दुसरं गीत संपल्यावर आणि दानाची थैली फिरायच्या आधी. कुणी केला? आमच्या चर्चच्या मंडळीनं. पाळकसाहेब बोलले आणि बाकीचे खाली बघत बसले, म्हणजे सगळ्यांनीच केला.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. बारावी झाल्यावर मी येशूची सुवार्ता सांगणाऱ्या एका टोळीबरोबर फिरले. लोहाऱ्याचं स्टँड, आठवडी बाजार, वडापच्या जीपा, सगळीकडं दुमडलेली पत्रकं वाटली. लोक त्यात भजी बांधायचे, तरी वाटली. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची आणि वाचणाऱ्याला पळायला जागा ठेवायची नाही, हे मी तिथं शिकले. पुढं पत्रकं लिहायलाही लागले. 'तुझा चांगुलपणा तुला तारणार नाही, फक्त विश्वास तारील' हे आमच्या पत्रकातलं पहिलं वाक्य माझं होतं. ते मी आजही मागं घेत नाही. पण त्या वाक्याचं आमच्या गावात काय केलं गेलं, ते लिहिल्याशिवाय मला गप्प बसवत नाही.

मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. माहेर अणदूरकडचं, शेतकरी घर. चुलत्याशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. "पळून आली" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "पळून कशाला? चालत आले. चपला होत्या की पायात." ती मंडळीत यायला लागली तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी तिला बाप्तिस्म्याची घाई केली नाही. मनात येईल तेव्हा ये, म्हणाले. ती दर रविवारी आली, मागच्या सतरंजीवर बसली, सगळी गीतं शिकली. बाप्तिस्मा घ्यायचं मनात येत होतं, असं ती सांगते. मग भूकंप झाला.

त्या पहाटे चुलत्यानं त्यांच्या पोरीला मातीतून काढलं. मोठीआईनं तिला धुतलं. ती धुऊन झाल्यावर शेजारच्या बाईला धुतलं, मग तिच्या सुनेला. त्या दिवसानंतर आमच्या मंडळीतली कुठलीही बाई गेली की धुवायला मोठीआईच. कुणी नेमलं नाही तिला. मढ्याला हात लावायला दुसरी कुणी पुढं येत नव्हती, एवढंच. बाप्तिस्म्याचं मात्र राहिलं ते राहिलं.

आता खड्ड्याचं सांगते. बाहेरच्या माणसाला ते ऐकून कसंतरी होतं, पण आमच्याकडं ती रीत आहे. भूकंपात गावात मढी होती आणि खड्डे नव्हते. आमची दफनभूमी माळावर. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा दगड. घरं गेलेल्या, हात मोडलेल्या माणसांनी तिथं पहारी चालवल्या. पुन्हा अशी वेळ नको, असं म्हाताऱ्यांनी तेव्हा ठरवलं. तेव्हापासून नाताळ झाला की, जमिनीत थोडी ओल आहे तोवर, पुरुष जमतात, एक खड्डा खणून ठेवतात आणि त्यावर शहाबादी फरश्या टाकतात. जो आधी जाईल त्याचा तो खड्डा. उन्हाळ्यात भरला तर दुसरा पाऊस पडल्यावर.

शास्त्रात याला काही आधार नाही. पण त्या फरशीवर पाय देणारा माणूस मी पाहिलेला नाही. माळावर वारा सुटला की फटीतून आत जातो आणि घुमतो. बायका म्हणतात, "उघडं तोंड हाय ते. खाल्ल्याबिगर मिटत न्हाय." पाळकसाहेब रागावतात, ही अंधश्रद्धा आहे म्हणतात. बायका मान डोलावतात आणि वळसा घालून जातात.

यंदा रांगेत खणायला घेतलं तर हातभरावरच काळा दगड लागला. पहारीतून नुसत्या ठिणग्या. मग कुणीतरी म्हणालं, तिकडं माती मऊ आहे. तिकडं म्हणजे माझ्या चुलत्याचं थडगं आणि त्या पोरीचं थडगं यांच्या मधे. दोघांच्या मधली ती जागा चुलत्यानं जाताना मोठीआईसाठी राखायला सांगितली होती, हे सगळ्या गावाला माहीत. तरी कुणी हरकत घेतली नाही, कारण मोठीआईनं तेव्हाच अंथरूण धरलं होतं. पोटात पाणी झालेलं, पाय सुजून खांबासारखे. सोलापूरला न्या म्हणाले डॉक्टर. "तिकडं मेले तर परत कोण आणतंय?" म्हणून ती गेली नाही. तेव्हा सगळ्यांनी मनाशी धरलं की हा खड्डा तिचाच. तिनंही धरलं. एक दिवस माझ्या खांद्याला धरून ती बघायला आली. फरशी सरकवून आत डोकावली.

"आखूड झालाय गं," म्हणाली. "पाय जरा मुडपावं लागतील."

आणि हसली. मला हसता आलं नाही. आतून गार वारा आला होता.

मग झावळ्यांचा रविवार. पोरांच्या हातात शिंदीच्या झावळ्या, सगळे नवे कपडे घालून आलेले. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, बाहेरगावचे, मोठ्या शहरात शिकून आलेले. माणूस खोटा नाही, हे मी आधीच सांगून टाकते. खोटा असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, यापुढं मंडळीच्या दफनभूमीत ज्यांनी उभं राहून विश्वासाची साक्ष दिली आणि बाप्तिस्मा घेतला त्यांनाच जागा मिळेल.

एकेक मान मागच्या सतरंजीकडं वळली. मोठीआई तशा अंगानंही आली होती, भिंतीला टेकून बसली होती.

"मंग माजा खड्डा?" तिनं विचारलं.

"तो तुमचा नाही, मोठीआई. मंडळीचा आहे." पाळकसाहेबांचा आवाज मऊ होता. "पण तुम्ही आत्ता म्हणा. मी विश्वास ठेवते, एवढंच म्हणा. मी इथंच पाणी आणतो, बाप्तिस्मा देतो."

पोरं झावळ्या हलवायची थांबली होती.

"आत्ता न्हाय म्हनता येत," ती म्हणाली.

"का?"

"ठेवत आसंन तर म्हनंन की. पोरगी गेल्यापास्नं मला ठाव न्हाय, ठेवते का न्हाय ते. ठाव झालं की सांगते."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा खरंच उतरला. मग थैली फिरली. मोठीआईनं पदराच्या गाठीतलं काढून थैलीत टाकलं. तिची जागा काढून घेतली आणि तिचं दान घेतलं! मी हे दोन्ही एका दमात बघितलं आणि उठून बाहेर गेले.

दुपारी मी पाळकसाहेबांना गाठलं. मी म्हटलं, सगळ्या मंडळीच्या आया-बहिणी जिनं धुतल्या, तिला तुम्ही बाहेर ठेवता? ते म्हणाले, "तिला मी आत घेतलं तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, चांगलं वागलं की झालं. मग ख्रिस्त वधस्तंभावर कशाला गेला? हे तुझ्याच पत्रकात आहे ना?"

होतं. माझ्याच पत्रकात होतं. उत्तर नंतर सुचलं, तेही मोठीआईमुळं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि तिच्या पायाशी बसले. "मोठीआई, म्हणा की एकदा. एक वाक्य आहे. लोक रोज शंभर गोष्टी खोट्या बोलतात."

"आन खोटं बोलून आत जाऊ? मंग तिथं समदे तसलेच आसतील. त्येंच्यात काय करू म्या?"

"काकांच्या शेजारी राहाल."

तिनं माळाकडच्या खिडकीकडं मान वळवली. मला वाटलं जिंकले. पण ती एवढंच म्हणाली, "त्येला खोटं चालत नव्हतं गं."

ज्या सत्कृत्यांवर आमच्याकडं एवढं प्रवचन होतं, त्या कृत्यांचं तिला काहीच वाटत नाही, हे मला तेव्हा उमगलं. तिनं कधी म्हटलंच नव्हतं की मढी धुतली म्हणून मला स्वर्ग द्या. मी विचारलंही होतं एकदा. "घान हुती म्हनून धुतलं," असं म्हणाली होती. पाळकसाहेब ज्या गर्वाला घाबरत होते तो तिच्याजवळ नव्हता. तो पुढच्या रांगेत होता. तिथं दर रविवारी माणसं उठून म्हणतात, मी तारण पावलो, आणि असं खाली बसतात की जणू काम उरकलं. मग मला उत्तर सापडलं. उभं राहून वाक्य म्हणणं हीसुद्धा कृतीच की! सगळ्यात सोपी कृती. आपण विश्वासानं तरतो म्हणतो आणि दारात मात्र वाक्याची पावती मागतो.

इस्टर झाला. ऊन वाढलं. एका दुपारी माळावरून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. खड्ड्यावरची एक फरशी उन्हानं मधोमध तडकली होती. गावात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोललं नाही. घराघरात एकच विचार, आपल्यात कोण आजारी आहे? आणि सगळे मनातल्या मनात आमच्या घराकडं बघत होते. दोन दिवसांनी एका बाईनं मला पिठाच्या गिरणीत विचारलंच, "कशी हाय गं तुजी मोठीआई? जेवती का?" तिच्या डोळ्यांत काळजी नव्हती. तिच्या घरात म्हातारी सासू आहे. मोठीआई गेली आणि खड्ड्यात घेतली नाही, तर खड्डा उपाशीच राहतो, हा हिशेब तिनं केला होता.

पण आधी गेली पाळकसाहेबांची आई.

त्या नगरकडच्या. मुलाबरोबर राहायला आलेल्या. साक्षीच्या वेळी पहिलं उठणार त्याच, आणि वाक्य एकच, "मला खात्री आहे." दुपारच्या वेळी त्या मोठीआईकडं येऊन बसायच्या. एक खात्री असलेली, एक नसलेली, दोघी मिळून शेंगा फोडायच्या. वैशाखात त्यांना ताप भरला आणि उतरेना. म्हातारीची मुलगी येणार म्हणून पाळकसाहेब तिला आणायला येडशी स्टेशनवर गेले. ते गेले आणि तासाभरात म्हातारीनं निरोप धाडला. बोलावलं कुणाला? मोठीआईला. मी तिला धरून धरून नेलं. दहा घरांपलीकडचं अंतर, चार ठिकाणी टेकली.

खोलीत पडदे ओढलेले, कूलर नुसता घरघरत होता. म्हातारीनं मोठीआईचं मनगट पकडलं.

"बाई, मला काहीच दिसत नाही गं. एवढं म्हणत आले, म्हणत आले... तिथं कुणीच नाही."

ज्या तोंडातून मी तेच एक वाक्य ऐकत आले होते त्याच तोंडातून हे.

मोठीआई म्हणाली, "आसंल की. आंधारात हुबा आसंल."

"मी धरून ठेवलंय, पण सुटतंय."

"मंग सोडा. तुमीच तर मला शेंगा फोडताना सांगायच्या, आपुन धरायचं नसतंय, त्योच धरतो म्हनून."

"तुला कुठं पटतं ते?"

"माजं ऱ्हाऊ द्या. तुमाला पटतंय न्हवं? तुमी इतकी वर्सं व्हय म्हनल्या, एक डाव न्हाय म्हनलं म्हनून त्यो पाठ फिरवील? लेकरू हाय का त्यो?"

म्हातारीच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू होतं की भीती, मला सांगता येणार नाही. मोठीआईचं मनगट तिनं सोडलं नाही शेवटपर्यंत. नंतर आम्ही बोटं एकेक करून सोडवली तेव्हा मोठीआईच्या हातावर नखांचे चार डाग उठले होते. ते अजून आहेत. सुजलेल्या अंगावरचं लवकर भरत नाही.

मग तिनं पाट मागितला. बसून धुतलं. मी पाणी ओतत होते. तिला मधेमधे धाप लागत होती, ती थांबायची, म्हातारीच्या कपाळावर हात ठेवून बसायची, मग पुन्हा सुरू. केस विंचरून झाले तेव्हा पाळकसाहेब आले. ते दारातच खाली बसले. लहान पोरासारखे.

"शेवटी काय म्हणाली आई?"

मी मोठीआईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"गानं म्हनत हुत्या," ती म्हणाली. "मंग 'आले' म्हनल्या, आन गेल्या."

दुसऱ्या दिवशी तडकलेली फरशी बाजूला झाली. तयार खड्डा तो एकच. म्हातारीला माझ्या चुलत्याच्या आणि त्याच्या पोरीच्या मधे ठेवलं. मोठीआईच्यानं आतपर्यंत चालवेना, म्हणून ती फाटकाबाहेर दगडावर बसली होती. पाळकसाहेब खड्ड्याच्या कडेला उभे राहून बोलले. माझी आई गात गेली, म्हणाले. ही विश्वासाची खात्री आहे, कुठल्याही सत्कृत्यानं ही मिळत नाही, म्हणाले. बायका रडल्या. "आमेन" झालं. आणि त्या आमेनवर माती पडली, ज्या जागेत पडायला नको त्या जागेत.

घरी येऊन मी ओरडले तिच्यावर. होय, आजारी बाईवर ओरडले. "तुमच्या जागेसाठी एक वाक्य खोटं बोलला नाहीत, आणि त्यांच्यासाठी बोललात? त्यावर त्यांनी प्रवचन केलं! सांगा त्यांना खरं काय ते."

"कशाला? त्येची आई मेलीय."

"आणि तुमची जागा गेलीय!"

"गेलीय," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "पोरीच्या पायथ्याला वाईच जागा हाय. भिंतीकडंला. बघशील का?"

बघितली. भिंत आणि ते छोटं थडगं यांच्यामधे एक अरुंद पट्टी आहे. दगडाळ. मंडळीच्या कमिटीकडं गेले. नियम, म्हणाले. पाऊस पडल्याशिवाय खणणार कोण, म्हणाले. माहेराकडं निरोप धाडला तर उत्तर आलं, ती तुमची, माती तुमची. पाळकसाहेबांनी दार उघडलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "मी आईलाही नियम लावलाच असता." लावला असता कदाचित. पण त्यांच्या आईनं शेवटच्या तासाला तो नियम मोडला होता, आणि तिला ज्या बाईनं सांभाळून नेलं ती तुमच्या फाटकाबाहेर बसली होती. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण मोठीआईनं शपथ घातली होती. आज लिहितेय. ती माझ्यावर रागावणार. रागावू दे, रागवायला जिवंत आहे तोवर.

माझा विश्वास आहे. मी तरले तर ख्रिस्ताच्या दयेनंच तरेन, माझ्या पत्रकांनी नाही. पण त्या दयेच्या दाराला कडी लावून पहाऱ्यावर बसायचं काम कुणी कुणाला दिलं?

आता मोठीआई फारसं बोलत नाही. तिचं घर माळाच्या कडेला, खिडकी दफनभूमीकडं. जेवण नेलं की ती एकच विचारते, "पहारीचा आवाज आला का गं?" मी नाही म्हणते. ती डोळे मिटते. काल तिनं खाल्लं नाही. श्वास घेताना घशात काहीतरी वाजतं आणि ते वाजणं माळावरच्या त्या घुमण्यासारखं आहे. मृग निघायला अजून आहे. एवढा वेळ तिच्याकडं नाही.

तेव्हा, मंडळीतल्यांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या आईला, सासूला, बहिणीला तिनं धुतलं त्या सगळ्यांना सांगते. येत्या शनिवारी, ऊन चढायच्या आत, दफनभूमीच्या भिंतीकडच्या पट्टीत मी खणायला उभी असेन. साक्ष दिलेले या, न दिलेले या. मला खात्री विचारायची नाही कुणाला. कमिटीनं फाटकाला कुलूप लावलं तर भिंत कमरेएवढीच आहे. आणि पाळकसाहेब, हे तुम्हीही वाचाल, आणि वाचून तुम्हाला रात्रभर झोप येणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हीही या. तुमच्या आईच्या जवळचीच जागा आहे.

तिला आवाज ऐकू जाईल तोवर या. पहार घेऊन या.